मदत हवी आहे: सी मध्ये एक 'कऱ्हाड' नीट छापतं, दुसरं कापलं जातं

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी द्यायची: गाव, पोती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा जाता रक्कम. ती छापणारा प्रोग्राम मी कॉलेजात असताना सी या संगणकभाषेत लिहिला. तेव्हा सगळं इंग्रजीत होतं. यंदा मराठीत करायला घेतलं, कारण पट्टी गावी जाते आणि घरातली म्हातारी माणसंही ती बघतात.

संगणकावर उबुंटू, सी साठी जीसीसी कंपायलर, फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत). गावाच्या नावाला २० बाइट (साठवणीची एककं) ठेवले होते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मात्रा-अनुस्वारसुद्धा, हे तेव्हा माहीतच नव्हतं. 'मिरज' १२ बाइटमध्ये बसतं. 'कवठेमहांकाळ' ३३ बाइटचं, ते 'ह'नंतरच्या कान्यात मधोमध तुटतं आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह येतं. हे कळलं, जागा वाढवेन.

अडलोय ते कऱ्हाडवर. एक नोंद माझी, एक दिवाणजींची, त्यांच्या कळफलकाची मांडणी वेगळी आहे. दिसायला दोन्ही सारख्या, पण बाइट मोजणारं स्ट्रलेन एकीला १८ सांगतं, दुसरीला २१. दुसरीतला 'ड' तुटतो. दोन नावं ताडून बघणारं स्ट्रकंप दोन्हींना वेगळं धरतं, म्हणून एकाच गावाची बेरीज दोन ठिकाणी पडते. हिशेबात हे चालणार नाही.

सेटलोकेलने भाषेची सेटिंग लावून, बाइटांची चिन्हं करणाऱ्या एमबीएसटूडब्ल्यूसीएसने चिन्हं मोजली, तर काही जुन्या नावांना १८४४६७४४०७३७०९५५१६१५ आलं. हे काय आहे?

प्रतिसाद:

तो आकडा म्हणजे उणे एक, ही चुकीची खूण. उत्तर ज्या साइज_टी प्रकारात येतं त्याला उणे चिन्ह नसतं म्हणून असा दिसतो. नाव आधीच अर्धवट तुटलेलं आहे, एवढाच अर्थ. लांबी म्हणून वापरण्याआधी तपासत जा.

दोन्ही कऱ्हाड बाइट-बाइट छापून बघा. एकात ऱ, हलंत, ह असेल. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग झेडडब्ल्यूजे हा न दिसणारा जोडक आणि मग ह. जोडकही ३ बाइटचा, म्हणून २१. युनिकोड या अक्षर-मानकाचं नॉर्मलायझेशन, म्हणजे समान अक्षरं एका रूपात आणणं, या दोघांना एक करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. साठवण्याआधी 'र, हलंत, जोडक' दिसलं की त्या जागी 'ऱ, हलंत' टाका. नुसता जोडक मात्र काढू नका, 'ह'वर रफार चढेल.

कापायचंच असेल तर ज्या बाइटचे वरचे दोन बिट १० आहेत तिथे कापू नका, मागे सरका. तिथलं चिन्ह मात्रा, अनुस्वार किंवा हलंत असेल, किंवा आधीचं चिन्ह हलंत असेल, तरी आणखी मागे.

मूळ लेखक:

मनापासून आभार. दिवाणजींच्या नोंदीत जोडकच निघाला. बदल केला आणि कऱ्हाडची बेरीज एका ओळीत आली. तुटलेली नावं जुन्या वह्या काढून पुन्हा भरतोय.