एनएसएस शिबिराची विद्यार्थी प्रमुख झालेय, सीनियर मुलांकडून काम कसं करून घेऊ?

एसवाय_केमिस्ट्री:
नमस्कार. तालुक्याच्या कॉलेजात एसवाय बीएस्सीला आहे. डिसेंबरात आमचं एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांचं निवासी शिबिर आहे, पन्नास स्वयंसेवक. गावच्या ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळू भरलेल्या गोण्यांचा कच्चा बांध, घालायचाय. सरांनी मला विद्यार्थी प्रमुख केलंय. मला मोठ्या आवाजात बोलायची सवय नाही आणि टीवायची मुलं आत्तापासूनच म्हणतायत, ‘ही काय सांगणार आम्हाला!’ नेतृत्वगुणांवरची एक दिवसाची कार्यशाळा मी केलीय, प्रमाणपत्रही मिळालं. पण पहाटे साडेपाचला सीनियर मुलाला श्रमदानाला कसं उठवायचं, ते काही कळलेलं नाही. कुणी सांगेल का?

माजी कार्यक्रम अधिकारी:
अगं, आवाजाचं टेन्शन घेऊ नकोस. शिबिर सुरू व्हायच्या आधी गावात एक चक्कर मार, आणि कुरकुर करणाऱ्यांतल्या दोघांना बरोबर ने. सरपंच, ग्रामसेवक यांना भेटा, ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना विचारा की पाणी कुठे टिकतं, जागा कोणती. मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय स्वतः डोळ्यांनी बघून या. जागा त्या दोघांनीही बघितलेली असली की काम त्यांचंही होतं.

मग दहा-दहाचे गट पाड. स्वयंपाक, पाणी-सफाई, श्रमदान, संध्याकाळचा कार्यक्रम, अहवाल ही कामं रोज फिरव आणि गटप्रमुखही रोज नवा नेम. स्वयंपाकाला मुलींनाच बसवतात, ते अजिबात होऊ देऊ नकोस. पन्नास जणांच्या भाकरी वेळेवर पानात पडायच्या तर सरपण कधी आणायचं, पीठ किती मळायचं, कुणाला काय सांगायचं, हे ज्याला जमलं त्याला माणसं सांभाळता येतात.

रात्री जेवणं झाली की गोल करून बसा. आज काय राहिलं, उद्या कोण करणार, एवढंच बोलायचं. कुणाला सगळ्यांदेखत झापायचं नाही, त्याच्याशी नंतर बाजूला बोल. सरांना विनंती कर की या बैठकीत त्यांनी फक्त ऐकावं.

1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली तेव्हापासून हेतू हाच आहे की सेवेतून विद्यार्थी घडावा. बंधारा झाला आणि पन्नासातले पाचच जण राबले, तर माझ्या मते ते शिबिर फसलं.

ओढ्याकाठचा:
मॅडम, बाकी सगळं पटलं, पण रोज प्रमुख बदलायचं बंधाऱ्यावर चालत नाही. मी स्वयंसेवक होतो, आता ग्रामपंचायत सदस्य आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या तोंडापर्यंत ठासून भरल्या की त्या गोल होतात, एकीवर एक नीट बसत नाहीत. थोडी जागा ठेवून सुतळीनं तोंड शिवायचं, विटांसारखी सांधमोड करत, म्हणजे खालच्या सांध्यावर वरची गोणी येईल असे, थर लावायचे, फटींत चिकणमाती दाबायची. हे पहिल्या दिवशी ज्याच्या हाताला बसतं त्यालाच शेवटपर्यंत ठेवा. नवा माणूस आला की थर वाकडा होतो आणि तिथूनच पाणी फुटतं. शेतकऱ्याला त्या पाण्यावर हरभरा घ्यायचा असतो हो.

माजी कार्यक्रम अधिकारी:
बरोबर आहे तुमचं. थर लावणारे चौघं कायम ठेवावेत, बाकी कामं फिरवावीत. फक्त त्या चौघांनी रोज दोन नवीन मुलांना शिकवायचं, ही अट घाल गं.

वर्गप्रतिनिधी:
शिबिरं चांगलीच, पण कॉलेजात खुल्या निवडणुकाही हव्यात. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद आहे. कॉलेज निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं उमेदवाराला 5,000 रुपयांची खर्चमर्यादा आणि 75 टक्के हजेरीची अट सुचवली, म्हणजे साध्या घरातलं पोरगंही उभं राहू शकतं. न ओळखणाऱ्याकडे मत मागायला गेल्याशिवाय लोकांचं ऐकायची सवय लागत नाही.

माजी कार्यक्रम अधिकारी:
निवडणुका मलाही हव्यात. पण हिचं शिबिर तोंडावर आलंय, आधी ते बघू.

एसवाय_केमिस्ट्री:
खूप आभार सगळ्यांचे. टीवायच्या दोघांना विचारलं, रविवारी गावात यायला तयार आहेत. त्यातल्या एकाचे वडील गवंडीकाम करतात, सांधमोड त्याला आधीच माहितीय. थराचं काम त्यालाच देते. दादा, गोण्या शिवायला दाभणं गावात मिळतील का?

ओढ्याकाठचा:
भरवशावर राहू नका ताई, तालुक्यातूनच न्या. चार जास्तीची घ्या, मोडतात. आणि सुतळीचे गुंडे कोरड्या जागी ठेवा.