वय झालं म्हणून सोडायचं?

वकीलसाहेब, जुन्या अत्याचारांच्या खटल्यांबद्दल ‘ऐंशीच्या म्हाताऱ्याला पिंजऱ्यात उभं करून काय साधणार’ हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे, त्याला असंच सोडलं. १९९८ मध्ये लंडनला अटक, २००० मध्ये तब्येतीच्या कारणावरून सुटका. आणि चिलीत उतरल्यावर हा गडी व्हीलचेअरवरून उठून चालायला लागला! २००६ मध्ये शिक्षा न होताच गेला.

पण आफ्रिकेतल्या चाड देशाच्या हिसेन हाब्रे या हुकूमशहाचं बघा. १९९० मध्ये सत्ता गेली तसा सेनेगलला पळाला. त्याच्या तुरुंगातून वाचलेल्यांनी २००० मध्ये सेनेगलच्या राजधानीत, डाकारला तक्रार दिली. सेनेगलनं वर्षानुवर्षं टोलवाटोलवी केली, बेल्जियमनं खटल्यासाठी त्याचा ताबा मागितला, शेवटी आफ्रिकन युनियनच्या मदतीनं डाकारलाच खास न्यायालय बसलं. त्याच्याच गुप्त पोलिसांची कागदपत्रं पुराव्यात आली. ३० मे २०१६ ला जन्मठेप.

मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी आपण कोल्हापूरकर किती दशकं भांडलो, २०२५ मध्ये मिळालं. तेव्हा ‘आता कशाला’ असं तुमच्या बार असोसिएशनमधलं कुणी म्हणालं नाही.

हाब्रेच्या खटल्यातल्या पीडितांच्या भरपाईचं घोंगडं मात्र निकालानंतरही वर्षानुवर्षं भिजत पडलं. त्याच्या अंमलबजावणीवर तुम्हीच लिहा, विषय तुमचा आहे.