शिकागो बँड: पितळेचे दिवस की पाकातले?

तबकडीवाला

शिकागो या अमेरिकन रॉक बँडचं नाव काढलं की लोक 'इफ यू लीव्ह मी नाउ' गुणगुणायला लागतात. १९७६ चं गाणं, त्यांचं पहिलं 'नंबर एक'. गोड आहे, मान्य. पण हीच माणसं सात वर्षं आधी काय वाजवत होती ते ऐकलंय का?

एप्रिल १९६९. 'शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी', पहिलाच अल्बम आणि तोही डबल, म्हणजे दोन तबकड्यांचा. (बँडचंही तेव्हा तेच नाव. त्या नावाच्या खऱ्याखुऱ्या बस-रेल्वेवाल्यांनी कोर्टाची भीती घातल्यावर नुसतं 'शिकागो' उरलं.) ट्रॉम्बोनवर जेम्स पँको, ट्रम्पेटवर ली लॉकनेन, सॅक्सोफोन आणि बासरीवर वॉल्टर पॅराझेडर. एरवी रॉकमध्ये हॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायची ही पितळी वाद्यं, पानातलं लोणचं. इथे ते तिघे मिळून आणखी एक गायक आहेत. गाणाऱ्याने ओळ सोडली की हे उचलतात.

माझं सगळ्यात लाडकं 'बिगिनिंग्ज'. साध्या गिटारचा ठेका, वर रॉबर्ट लॅमचा आवाज. पुढे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन एकमेकांशी बोलायला लागतात, मग एकेक जण उठून जातो आणि शेवटी नुसता तालवाद्यांचा गलबला राहतो. जवळजवळ आठ मिनिटं. रेडिओसाठी कापलेलं ऐकून मत देऊ नका.

दुसरं '२५ ऑर ६ टु ४', १९७० चं. गाणं सुचत नाही म्हणून जागा बसलेला लॅम घड्याळ बघतो: चाराला पंचवीस कमी की सव्वीस? अर्थ एवढाच. लोकांनी त्यात नशापाणी शोधलं. पायऱ्या उतरत जाणारी ती चाल, तिच्यावर पितळ आणि मग टेरी कॅथची वाह-वाह गिटार (पायाखालच्या पेडलने सूर 'वाँव-वाँव' करणारी). १९७२ नंतरचं तुम्ही ऐका, मला बोलावू नका.

खवचट काका

आठ मिनिटं! अहो, तेवढ्यात आमच्याकडे वरात मांडवात पोचते, तीही बँडसकट.

पहिले तिन्ही अल्बम डबल, चौथा कार्नेगी हॉलचा चार तबकड्यांचा. कात्री नावाची वस्तू घरात नव्हती वाटतं. 'लिबरेशन' चौदा मिनिटांच्या वर. 'फ्री फॉर्म गिटार' म्हणजे जवळपास सात मिनिटं ॲम्प्लिफायरचं किंचाळणं. याला तुम्ही धाडस म्हणता, मी रीळ शिल्लक होतं म्हणतो. याउलट 'मेक मी स्माइल' बघा. पँकोने सलग गुंफलेल्या तुकड्यांच्या तेरा मिनिटांच्या 'बॅले'चा पहिला आणि शेवटचा तुकडा जोडला, तीन मिनिटांत काम फत्ते.

तबकडीवाला

काका, 'फ्री फॉर्म गिटार' तुम्हाला सोडलं. मीही पुढे ढकलतो.

पण 'बॅले'चं नाही पटत. मध्ये 'कलर माय वर्ल्ड' येतं, पियानोचे सुटे सुटे सूर आणि शेवटी बासरी. मग 'टू बी फ्री'चा छोटा धक्का आणि त्यातून पहिली चाल उसळून परत येते. तुमच्या तीन मिनिटांत ती कुठे गेलेलीच नसते. गावाला न जाताच परत आल्यासारखं. आणि ऑगस्ट १९६८ ला शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी निदर्शकांना झोडपलं, तेव्हाच्या खऱ्या घोषणा पहिल्या अल्बममध्ये आहेत. त्यांतूनच 'समडे' सुरू होतं. कात्रीवाल्याने आधी तेच उडवलं असतं.

मावळतीकर

हॉर्नचाच मुद्दा असेल तर 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' या बँडला का विसरता? 'स्पिनिंग व्हील'वाला अल्बम डिसेंबर १९६८ चा, म्हणजे आधीचा. बीटल्सच्या 'ॲबी रोड'ला मागे टाकून ग्रॅमी घेतलं. निर्माता दोघांचा एकच, जेम्स विल्यम ग्वेर्सिओ. आणि वाजवणारे जास्त तयारीचे, हे जॅझ ऐकणाऱ्या कुणालाही विचारा.

तबकडीवाला

तयारीचे, शंकाच नाही. पण त्यांच्यात कॅथ नव्हता. तिथे सगळं इस्त्री करून येतं, इथे गिटार हॉर्नच्या अंगावर धावून जाते.

लेकीची_आई

आमची कन्या इथे अमेरिकेत शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते, त्यामुळे '२५ ऑर ६' आमच्या घरात महिनाभर राहायला होतं. ट्रॉम्बोनला पडदे नसतात. नळी किती लांब सरकवायची ते हाताने आणि कानाने ठरवायचं. अर्धा इंच चुकलं की बेसूर. मधूनच खालची कळ दाबून साचलेलं पाणी काढायचं, माझ्या गालिच्यावर. ती ओळ एकट्याने वाजवली तर सोपी वाटते. तिघांनी एका श्वासात सुरू करून एका श्वासात तोडायची, तिथे मुलं रडकुंडीला येतात. तेव्हा पँको मंडळींना माझा दंडवत.

पण धागाकर्ते, तुमची १९७२ ची रेघ मला मंजूर नाही. '२५ ऑर ६' गाणारा पीटर सेटेराच पुढे 'इफ यू लीव्ह मी नाउ' गायला, गळा तोच. आणि तुम्हीच कौतुक केलेलं 'कलर माय वर्ल्ड' १९७० चं, पाकात बुडवलेलं आणि गायलंय कोणी? तुमच्या त्या रांगड्या टेरी कॅथने!

मावळतीकर

चेंडू सीमेपार. 😄

तबकडीवाला

ताई, हे लागलं. रेघ चुकली. जानेवारी १९७८ ला ओढायला हवी होती. एकतीस वर्षांचा कॅथ स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागून गेला, अपघाताने. गोडवा आधीही होता, पण शेजारी खरखरीत काहीतरी असायचं. १९८२ चं 'हार्ड टू से आय'म सॉरी' ऐकताना मी हॉर्न शोधत बसतो.

खवचट काका

काल रात्री 'बिगिनिंग्ज' पूर्ण ऐकलं, दोनदा. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचं भांडण झकास आहे, तेवढं घ्या लिहून. शेवटची ठोकाठोकी मात्र कापाच.