मदत हवी आहे: एन्सेलाडसच्या फवाऱ्यात कॅसिनी नेमकं किती खोल गेलं?

मंडळी, पाण्याची वाफ आणि बर्फाच्या कणांचे फवारे उडवणाऱ्या शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर मुलांसाठी छोटं भाषण तयार करतोय आणि एका आकड्यावर गाडी अडलीय. ऑक्टोबर २००८ मध्ये कॅसिनी हे अंतराळयान एन्सेलाडसपासून अवघ्या २५ किमीवरून गेलं. मग २८ ऑक्टोबर २०१५ ची, ४९ किमीवरची फेरी 'फवाऱ्यातली सर्वांत खोल डुबकी' कशी? माझा अंदाज असा की २००८ मध्ये सर्वांत जवळचा बिंदू दक्षिण ध्रुवावर नव्हता, २०१५ मध्ये होता. आणि फवारे तर तिथल्या 'वाघाच्या पट्ट्यां'मधूनच, म्हणजे बर्फातल्या लांब भेगांमधूनच उडतात. बरोबर ना?

दुसरं, हायड्रोजन. इथे डोकं पार गरगरतंय. सेकंदाला साडेआठ किमी वेगाने बर्फाचे कण कॅसिनीवरच्या वायू मोजणाऱ्या उपकरणाच्या टायटॅनियमच्या भिंतीवर आपटले की पाण्यापासून तिथेच हायड्रोजन तयार होऊ शकतो. मग फवाऱ्यात सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालेला हायड्रोजन चंद्राच्याच पोटातला, हे कसं वेगळं काढलं? रेणू भिंतीला न शिवता मोजायची 'उघडी' पद्धत वापरली, इथपर्यंत कळलं. हे दहा वर्षांच्या मुलाला कसं सांगाल? एखादं साधं उदाहरण सुचवा. हाताने काढलेली आकृतीही चालेल, माझी चित्रकला तर विचारूच नका.