पट्टायाला नवरा-बायकोने जायचं का? (आणि मला पोहायचंय)

कृष्णाकाठ | ३ डिसेंबर २०२४

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. हायस्कूलला गणित शिकवते, आमच्या ह्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. येत्या १९ जानेवारीला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मुलगा यंदाच नोकरीला लागलाय, त्याने आम्हाला थायलंडची तिकिटं काढून दिली. सहा रात्री, त्यातल्या चार पट्टायाला. "आई, समुद्र तिकडेच आहे," एवढंच त्याचं कारण.

घरात ही बातमी फुटली त्या दिवसापासून वैताग आहे. थोरले दीर "पट्टाया?" असं म्हणून इतके हसले की जाऊबाईंनी ताटं उचलायला सुरुवात केली. दुकानात गिऱ्हाइकं ह्यांना डोळा मारतात. ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, दरवर्षी वारीत चार मुक्काम तरी चालतात. आता म्हणायला लागलेत, "गोव्याला जाऊ, तिकिटं बुडू देत."

तेव्हा सांगा, नवरा-बायकोने जाण्यासारखं गाव आहे का ते? ह्यांच्या जेवणाचं काय? मासे सोडाच, अंडंसुद्धा चालत नाही.

आणि खरा प्रश्न. मला पोहता येतं. वडिलांनी आठव्या वर्षी पाठीला भोपळा बांधून आयर्विन पुलाखाली सोडलं होतं, पुढे मी कृष्णा आरपार जायची. नववीत गेल्यावर घरच्यांनी बंद केलं. त्यानंतर पाण्यात उतरले नाही, कारण आमच्या गावात घाटावर बाई पोहायला लागली की काठावर सभा भरते. तिकडे मला कोणी ओळखत नाही. पण पोहण्याचे ते कपडे मला जमणार नाहीत. पंजाबी ड्रेसवर समुद्रात उतरलं तर लोक हसतील का?

---

भटक्या७७ | ३ डिसेंबर

बायकोला घेऊन पट्टाया म्हणजे घरचा डबा घेऊन हॉटेलात जाण्यासारखं आहे 😄 दादांना एकटं पाठवा!

---

कृष्णाकाठ | ३ डिसेंबर

हा विनोद दिरांनी आधीच करून झालाय. तुमचा डबा रोज कोण भरतं, त्यांना एकदा विचारून या.

---

चाकण_ते_चोनबुरी | ४ डिसेंबर

वहिनी, मी सहा वर्षं सिराचात राहतोय, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. पट्टाया आमच्याहून अर्ध्या तासावर. गेल्या वर्षी माझी आई येऊन राहून गेली, म्हणून जरा हक्काने लिहितो.

दीर हसले ते हवेतलं नाही, हे आधी मान्य करू. हे मच्छीमारांचं गाव होतं. १९५९ मध्ये कोराटच्या तळावरचे अमेरिकन सैनिक सुट्टीला इथे आले, मग व्हिएतनामचं युद्ध पेटलं, जवळच्या उतापाओला विमानतळ झाला, आणि गावाचा धंदाच बदलला. आजही संध्याकाळी बीच रोडच्या फुटपाथवर बायका उभ्या असतात. दिसतील. त्या तुम्हाला काही करत नाहीत, तुम्ही त्यांच्याकडे टक लावू नका म्हणजे झालं. पण शनिवार-रविवारी याच किनाऱ्यावर बँकॉकची कुटुंबं चटया टाकून भाजलेली कोंबडी खात बसलेली असतात, आजी, नातवंडं, सगळे. ते फोटो व्हॉट्सॅपवर कोणी फिरवत नाही.

हॉटेल कुठे आहे ते मुलाला विचारा. उत्तरेला नाक्लुआ किंवा दक्षिणेला टेकडीपलीकडे जोमतिएन असेल तर निवांत. वॉकिंग स्ट्रीटच्या, म्हणजे बार आणि नाचगाण्याच्या गल्लीच्या, आसपास असेल तर पहाटेपर्यंत गादी हलेल.

सुवर्णभूमी विमानतळाच्या तळमजल्यावरून थेट बस आहे, दीडशे बाथच्या आत. (बाथ म्हणजे अडीच-तीन रुपये धरा.) गावात निळ्या रंगाचे सोंगथेव फिरतात, आपल्या वडापसारखे, मागे समोरासमोर दोन बाकं. भाडं विचारायचं नाही. विचारलंत की तुम्ही नवखे ठरता आणि तो दोनशे सांगतो. गुपचूप चढायचं, उतरायचं तिथे घंटी दाबायची, खाली येऊन माणशी १० बाथ हातावर ठेवायचे आणि चालू लागायचं. बीच रोड दक्षिणेकडे एकेरी आहे आणि मागचा सेकंड रोड उत्तरेकडे, तेव्हा चुकायची सोय नाही.

दादांच्या जेवणाचा खरा शत्रू मासा नाही, माशाचं पाणी आहे. नाम प्ला म्हणतात, मिठाच्या जागी सगळ्यात पडतं. नुसत्या भाज्या मागवल्या तरी पडतं. म्हणून "व्हेज" म्हणून भागत नाही, "जे" म्हणायचं. चिनी बौद्ध लोकांचा हा आहार, यात मांस, मासे, अंडं तर नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नाही. म्हणजे दादांच्या माळेपेक्षा एक पायरी वरच. दुकानावर पिवळी पाटी असते, तिच्यावर लाल अक्षर, लांबून इंग्रजी १७ आकड्यासारखं दिसतं. शिवाय भारतीय हॉटेलं पावलोपावली आहेत, पण डाळ तीन दिवस खाल्ली की माणूस स्वतःच १७ शोधायला लागतो.

पोहण्याचं ऐका. थाई माणसं स्वतःच कपड्यांवर पोहतात. टी-शर्ट, अर्धी चड्डी, बायका तर पूर्ण बाह्यांच्या कपड्यात, ऊन लागू नये म्हणून. बिकिनी दिसेल ती परदेशी पाहुण्यांच्या अंगावर. फक्त ओढणी आणि सुती सलवार नको, पाणी पिऊन जड होते आणि पायात येते. इथल्या बाजारात लांब बाह्यांचा पोहायचा सदरा आणि लेगिंग मिळते. आणि पट्टायाच्या मुख्य किनाऱ्यावर उतरू नका, पाणी गढूळ आणि बोटींची वर्दळ. बाली हाय धक्क्यावरून को लान बेटाची फेरीबोट पकडा, ३० बाथ, पाऊण तास. जानेवारीत समुद्र शांत असतो.

जाता जाता: पट्टाया हे नाव पावसाळ्याच्या तोंडावर नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याचं आहे असं इथे सांगतात. म्हणजे आपल्याकडे मृग घेऊन येतो तोच गडी.

---

निशा_ठाणे | ४ डिसेंबर

ताई, बिनधास्त जा. मी नवरा आणि सासूबाई दोघांना घेऊन गेले होते. सासूबाईंना सगळ्यात काय आवडलं असेल तर टिफनीचा कार्यक्रम. १९७४ पासून चाललेला आहे, रंगमंचावर सगळ्या तृतीयपंथी कलाकार, कपडे आणि नाच बघत राहावं असे. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आपल्या पूर्वीच्या संगीत नाटकात पुरुषच बायका व्हायचे, तिकिटाला रांगा लागायच्या, तेव्हा कोण हसत होतं?"

एकच जपा. किनाऱ्यावर जेट स्की भाड्याने घेऊ नका. आमच्या ह्यांनी अर्धा तास घेतली, परत आणल्यावर एकाने खालचा ओरखडा दाखवून वीस हजार बाथ मागितले. तो ओरखडा आमच्या लग्नाआधीचा असावा. मी ११५५, पर्यटन पोलिसांचा नंबर, लावला तसा आवाज खाली आला, तरी तीन हजारांना सुटका झाली.

---

सह्याद्रीपुत्र | ५ डिसेंबर

इतकं करण्यापेक्षा तिकिटं बदला आणि क्राबीला जा. पाणी पाहून वेडे व्हाल.

---

कृष्णाकाठ | ५ डिसेंबर

तिकिटं परत न मिळणारी आहेत हो. हॉटेल नाक्लुआला आहे असं मुलगा म्हणतो. चाकणच्या भाऊजींचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "मृग घेऊन येतो तोच" यावर जरा थांबले, म्हणाले, "बघू." पंचवीस वर्षांत "बघू" म्हणजे काय ते मला कळतं. जातोय.

---

कृष्णाकाठ | २ फेब्रुवारी २०२५

आलो. उशीर झाला, दहावीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे होते.

सोंगथेवचं गणित पहिल्याच दिवशी ह्यांनी मोडलं. उतरल्यावर पैसे देऊन चालू लागायचं, हे ह्यांना पटेना. ड्रायव्हरला हात जोडून "किती झाले?" विचारलं, मराठीत. तो बिचारा दहा बोटं दाखवून हसला. निघालो सुखरूप.

आम्ही राहिलो तिथून जवळच ते लाकडी मंदिर आहे, सत्याचं मंदिर म्हणतात. मला वाटलं होतं अर्ध्या तासात बाहेर पडू. तिकीट माणशी पाचशे बाथ म्हटल्यावर हे बाहेरच थांबतो म्हणाले, मी आत ओढलं. डोक्यावर हेल्मेट घालूनच सोडतात, कारण काम अजून चालू आहे. १९८१ साली लेक विरियाफन नावाच्या एका उद्योगपतीने सुरू केलं, ते गेले २००० साली, काम चालूच. एकशे पाच मीटर उंच, सगळं लाकूड. अगदी समुद्राला टेकून उभं आहे, त्यामुळे खारा वारा एका बाजूने लाकूड खातो आणि कारागीर दुसऱ्या बाजूने नवं बसवतात. चौमुखी ब्रह्मदेव दिसला, गणपती दिसला, ह्यांनी लगेच चपला काढल्या, पण त्या काढायच्याच नव्हत्या. मग एका सुतारापाशी जे उभे राहिले ते अर्धा तास. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्याने सांध्यातली खाच दाखवली, ह्यांनी खिशातून फोन काढून आपल्या दुकानातल्या मोटरच्या वाइंडिंगचा फोटो दाखवला. तो "ओऽऽ" म्हणाला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हे काम संपूच नये असं ठरवून केलेलं दिसतंय." परत येताना पाचशे बाथचा उल्लेख नाही.

पाय चोळून घ्यायचं ठरलं, तासाला अडीचशे. बाई माझ्याच वयाच्या. हे पायाला हात लावू देईनात. "बाईमाणूस आहे, मोठी असली तर?" शेवटी आधी तिला वाकून नमस्कार केला, तिनेही हात जोडले, मग खुर्चीत बसले. फोनवर भाषांतर करून मी तिच्याशी बोलत होते. उदोन थानीची, म्हणजे लांब ईशान्येला, भातशेतीचा मुलूख. दोन मुलं तिच्या आईकडे. एप्रिलमध्ये सोंगक्रानला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, रात्रीच्या बसने घरी जाते. सांगलीत साखर कारखान्यावर येणाऱ्या बीडच्या बायका डोळ्यासमोर आल्या. तिने मला पगार विचारला, मी सांगितला, तर आकडा बाथमध्ये करून ती ह्यांच्याकडे बघून काहीतरी म्हणाली. फोनने भाषांतर केलं: "तुमचे पती भाग्यवान." हे दोन दिवस त्यावर गप्प होते.

वॉकिंग स्ट्रीटही पाहिली, संध्याकाळी साडेसातला. दिव्यांनी डोळे दिपतात, गाणी एकमेकांवर चढतात, तिथे चक्क पंजाबी गाणीही चालू होती. एका दारातून एक पोरगा धावत आला, ह्यांना "नमस्ते भाईसाब, अंदर आओ." ह्यांनी माळेला हात लावून म्हटलं, "राम कृष्ण हरी." तो पोरगाही म्हणाला, "राम राम." वीस मिनिटांत आरपार होऊन बाहेर पडलो, मला कान दुखण्यापलीकडे काही झालं नाही. दिरांना फोटो पाठवलाय.

१७ ची पाटी सापडली, नाक्लुआच्या रस्त्यावर. टोफूची भाजी आणि भात. "जे" मध्ये कांदा-लसूण नसतो हे कळल्यावर ह्यांनी दुसरं ताट मागवलं. पण सोम तामची, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीची, पंचाईत झाली. "माय साय नाम प्ला", म्हणजे माशाचं पाणी घालू नका, हे मी पाठ करून गेले होते, बाईने मान डोलावली, माशाचं पाणी घातलं नाही, आणि सुकी कोळंबी घातली. ते ताट मी संपवलं.

आता पोहण्याचं.

१९ तारखेलाच गेलो, सकाळच्या फेरीने. बाजारातून काळा सदरा आणि लेगिंग घेतली होती, साडेतीनशे बाथ, घासाघीस करून. को लानवर उतरून दुसऱ्या सोंगथेवने सामाए नावाच्या किनाऱ्यावर. भाऊजी, तुम्ही म्हणालात तसंच, शेजारी एक थाई कुटुंब होतं, आजी फुलाफुलांच्या ब्लाउजवर पाण्यात बसली होती, गळ्यापर्यंत. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

गुडघाभर पाण्यात गेले आणि पाय पुढे टाकेना. तेहतीस वर्षं झाली, मी मनातल्या मनात वजाबाकी करत उभी. कृष्णेला ओढ असते, पाऊल टाकलं की ती सांगते कुठे न्यायचंय. इथे पाणी काहीच सांगत नव्हतं. मग तोंडात पाणी गेलं, खारट, आणि हात आपोआप चालले. खाऱ्या पाण्यात माणूस इतका वर तरंगतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोरीला बांधलेले तरंगते गोळे होते तिथपर्यंत गेले, त्यापुढे बोटी. एका गोळ्याला धरून मागे वळून बघितलं.

हे काठावर, माझ्या दोन्ही चपला हातात धरून उभे. मी ओरडून म्हटलं, वाळूत ठेवा की! तिकडून ओरडले, "कोणी नेल्या तर?"

परत येऊन टॉवेल घेईपर्यंत हातातच होत्या.

---

चाकण_ते_चोनबुरी | २ फेब्रुवारी

वहिनी, आईला वाचून दाखवलं. ती विचारते, दादा पाण्यात उतरले की नाही?

---

कृष्णाकाठ | ३ फेब्रुवारी

घोट्यापर्यंत. पँट दुमडून. फोटो आहे, पण टाकू देत नाहीत.