टॅप केल्यावर बटणाने दरवेळी हालचाल दाखवावी का?

धागाकर्ता
फोनच्या काचेवर बोट टेकवले की बोटाला काहीच जाणवत नाही, त्यामुळे बटण दाबले गेले की नाही हे डोळ्यांनाच कळावे लागते. माझे मत असे आहे की ज्या घटकावर टॅप केल्याने काही घडते, तो प्रत्येक घटक बोट टेकताच बदललेला दिसला पाहिजे, आणि तोही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. त्यापेक्षा उशीर झाला की आपल्या कृतीचा आणि परिणामाचा संबंध तुटल्यासारखा वाटतो. अडचण एवढीच की बोट नेमके त्याच जागेवर असते. अँड्रॉइडमध्ये टॅपच्या जागेसाठी सुचवलेला किमान आकार ४८ डीपी (अँड्रॉइडचे स्क्रीनवरील मापाचे एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर आहे, आणि तेवढा भाग बोटाखाली सहज झाकला जातो. कीबोर्डवरचे अक्षर बोटाच्या वर मोठे होऊन दिसते ते याचसाठी. गूगलने २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन ही ॲपच्या रूपाची नियमावली मांडली, तेव्हा आलेला रिपल, म्हणजे टॅपच्या जागेवरून उठणारी लहर, बोटाखालून बाहेर पसरतो, म्हणून मी त्याला शोभेची वस्तू मानत नाही.

आयओएस डेव्हलपर
असहमत. टॉगल (चालू-बंदचे बटण) सरकतो, चौकटीत खूण उमटते, पुढची स्क्रीन उघडते. हाच खरा प्रतिसाद आहे, आणि तो लगेच मिळत असेल तर त्याआधी वेगळी लहर दाखवणे अनावश्यक आहे. रिपल पूर्ण दिसावा म्हणून पुढची स्क्रीन मुद्दाम उशिरा उघडणारा कोड मी पाहिला आहे, म्हणजे काम झाल्याची खूण दाखवण्यासाठी कामच थांबवले जाते. शिवाय यादी स्क्रोल करण्यासाठी बोट ठेवले तरी ओळ चमकली, तर वापरणाऱ्याला आपण चुकून काहीतरी उघडले असे वाटते.

अँड्रॉइड डेव्हलपर
स्क्रोलच्या मुद्द्याची तरतूद अँड्रॉइडमध्ये पूर्वीपासून आहे. स्क्रोल होणाऱ्या यादीत बोट टेकल्यावर सिस्टीम सुमारे १०० मिलिसेकंद थांबते, आणि बोट सरकले नाही तरच ओळ दाबलेली दाखवते. त्याआधीच बोट उचलले गेले, तर दाबलेली अवस्था ६४ मिलिसेकंद दाखवून मग काढली जाते, जेणेकरून झटकन केलेला टॅपही नजरेतून सुटू नये. आयओएसमध्ये, म्हणजे आयफोनच्या सिस्टीममध्ये, स्क्रोल होणाऱ्या भागातही स्पर्श असाच थोडा रोखून धरता येतो. मात्र यामुळे धागाकर्त्यांचा ‘प्रत्येक घटक, दहाव्या भागाच्या आत’ हा नियम यादीला जसाच्या तसा लावता येत नाही, हेही मान्य करावे लागेल.

धागाकर्ता
यादीपुरता अपवाद मान्य आहे. परंतु पुढची स्क्रीन हाच प्रतिसाद, हे मला पटत नाही, कारण ती बोट उचलल्यानंतर येते. बोट टेकवणे आणि उचलणे यांच्या मधल्या काळात बटण दाबलेले दिसत असेल, तर ‘आता बोट उचलले की हे घडेल’ हे कळते. बोट बाजूला सरकवल्यावर रंग परत गेला, तर ‘रद्द झाले’ हेही कळते. चुकीच्या ओळीवर बोट पडल्यावर माघार घेण्याची ही एकमेव संधी असते, आणि दृश्य खूण काढून टाकली तर ती संधी आहे हेच कुणाला कळणार नाही.

पैशांच्या ॲपमध्ये तर हे फारच गंभीर आहे. माझ्या वडिलांनी एका ॲपमधून वीजबिल भरताना बटण दाबले, ते क्षणभर गडद होऊन पूर्ववत झाले, नेटवर्क मंद असल्याने पुढे काहीच हलले नाही, म्हणून त्यांनी पुन्हा दाबले आणि बिल दोनदा भरले गेले.

आयओएस डेव्हलपर
बोट सरकवून रद्द करण्याचा मुद्दा मला पटला. तिथे मी माझे म्हणणे मागे घेतो. पण वडिलांचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. त्या बटणाने दाबल्याची खूण दाखवली होती. दाखवली नाही ती काम चालू असल्याची खूण. अशा ठिकाणी बटणावर ‘पैसे पाठवत आहोत’ असे लिहून यावे, सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत दुसरा टॅप स्वीकारला जाऊ नये, आणि तरीही विनंती दोनदा पोहोचलीच तर सर्व्हरने एकाच व्यवहार क्रमांकावरून ती ओळखावी. डिझायनर रिपलवर तासन्‌तास घालवतात आणि ही अवस्था आखायची राहून जाते, हीच माझी तक्रार आहे.

ॲक्सेसिबिलिटी (सर्वांना ॲप वापरता येते का याची) चाचणी करणारी
दोघेही बटण दिसते आहे असे गृहीत धरत आहात. मटेरियलमध्ये दाबलेल्या अवस्थेचा थर दहा-बारा टक्केच गडद असतो. भर उन्हात, ब्राइटनेस कमी असलेल्या फोनवर तो मला स्वतःला दिसत नाही. उलट ज्यांना पसरणाऱ्या हालचालीचा त्रास होतो, त्यांनी सेटिंगमध्ये हालचाल कमी केलेली असूनही काही ॲप ती दाखवतच राहतात. अशा वेळी लहरीऐवजी बटणाचा रंग किंवा कड सरळ बदलावी, आणि तो फरक ठळक असावा.

टॅपआधीचे दिसणेही इथेच येते, कारण माउससारखे नुसते वर नेऊन पाहणे स्पर्शात नसते. ॲपलने २०१३ मध्ये आयओएस ७ आणताना बटणांच्या कडा काढल्या, आणि पुढच्याच वर्षी ७.१ मध्ये बटणांचे आकार पुन्हा दाखवणारी सेटिंग द्यावी लागली. माझ्या चाचण्यांत लोक साध्या मजकुरासारख्या दिसणाऱ्या बटणावर बोट ठेवायलाच धजत नाहीत. तिथे टॅपनंतरचा प्रतिसाद कितीही नेमका आखला तरी तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.