मदत हवी आहे: सिंहगडाला गिअर अपुरे पडतात, क्रँक बदलू की मागची चकती?

नमस्कार मंडळी,

माझी २७.५ इंची चाकांची एमटीबी (माउंटन बाइक) आहे. पुढे तीन चकत्या (४२-३४-२४ दात), मागे सात (१४ ते २८ दात). कात्रजचा जुना घाट आरामात होतो, बोपदेव कण्हत-कुंथत होतो, पण सिंहगड काही केल्या पायाला लागत नाही. पायथ्यापासून गाडीतळापर्यंतचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ. सुरुवातीच्या वळणांतच सगळ्यात हलका गिअर पडलेला असतो आणि अंगठा तरीही सवयीने शिफ्टर दाबत राहतो. पुढे उभं राहून पॅडल मारावं लागतं, मग गुडघे बोलायला लागतात.

वय ५२, सायकल-पाण्यासकट एकूण वजन ९५ किलोच्या आसपास. दुकानात विचारलं तर "काका, नवीनच घ्या ना" हे उत्तर तयार होतं. मला नवीन नकोय, हीच सायकल चांगली आहे. पाच हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

पुढचा क्रँक (पॅडलचे दांडे आणि पुढच्या चकत्यांचा संच) बदलून २२ दातांची छोटी चकती घ्यावी का? की हल्ली सगळे करतात तसं पुढे एकच चकती आणि मागे मोठा कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच)? आणि क्रँकचे दांडे १७० मिमीचे आहेत, ते १७५ केले तर जोर कमी लागेल का? पुढच्या तिन्ही चकत्या रिव्हेट मारून जोडलेल्या आहेत, सुट्या निघत नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटवेडा: आधी एक बघा. मागचं चाक काढा आणि चकत्या हाताने उलट्या फिरवा. मधोमध पान्हा बसायची खाच असते, ती चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, सरकवून बसवलेला), जागेवर राहिली तर फ्रीव्हील (हबवर आट्यांनी आवळलेलं). पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

धागाकर्ता: पाहिलं. खाच जागेवरच राहते. म्हणजे फ्रीव्हील.

चेन_तेल_ग्रीस: मग क्रँकला इतक्यात हात लावू नका काका. स्वस्त आणि मोठा फायदा मागे आहे.

सात गिअरचं १४-३४ मेगारेंज (शेवटची चकती खूप मोठी असलेलं) फ्रीव्हील मिळतं. शिमानोच्या १४-२८ मध्ये दात १४-१६-१८-२०-२२-२४-२८ असे असतात आणि मेगारेंजमध्ये १४-१६-१८-२०-२२-२४-३४. पहिल्या सहा चकत्या त्याच, फक्त शेवटची बदलते. त्यामुळे सपाटीवर काहीच फरक जाणवणार नाही. २४ वरून ३४ ची उडी मात्र मोठी आहे, पाय एकदम मोकळे सुटल्यासारखे वाटतात. ती चकती घाटापुरतीच आहे असं समजायचं.

आता हिशोब. पुढे २४ मागे २८ म्हणजे गुणोत्तर ०.८६. पॅडलच्या एका फेरीत तुमची सायकल साधारण १.८४ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या ठेवायच्या तर ताशी ६.६ किमी वेग ठेवावाच लागणार. १० टक्के चढावर ९५ किलो वर न्यायला त्या वेगाला जवळजवळ १७० वॉट लागतात, टायरचं घर्षण वेगळं. मागे ३४ घातलं की गुणोत्तर ०.७१, वेग साडेपाचच्या खाली आणि गरज १४० वॉटवर. पुढे २२ सुद्धा केलं तर ०.६५ आणि १३० वॉट. म्हणजे एकूण फायद्यातला तीन-चतुर्थांश नुसत्या फ्रीव्हीलने मिळतो. उरलेल्यासाठी रिव्हेटमुळे अख्खा क्रँक बदलावा लागेल. शिवाय ताशी पाच किमीच्या खाली गेलात की हँडल डुलायला लागतं, मागून एसटी येत असेल तर ते नको वाटतं.

मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) मॉडेल नंबर असतो, तो शोधून ३४ दात चालतात का बघा. त्याची एकूण क्षमता, म्हणजे किती दातांच्या फरकाची ढिली चेन तो ओढून धरतो, ती पण पाहा. पुढचा फरक ४२ वजा २४ म्हणजे १८, मागचा ३४ वजा १४ म्हणजे २०, बेरीज ३८. लांब पिंजऱ्याचे साधे एमटीबी डिरेलर बहुतेक ४३ पर्यंतचे असतात, पुढे २२ केलंत तरी ४० च होतात. वरची छोटी चाकी ३४ च्या चकतीला घासली तर बी-स्क्रू (डिरेलर चकत्यांपासून लांब-जवळ करणारा) थोडा आत घ्या.

दांड्यांचं म्हणाल तर १७० चे १७५ केल्याने तरफ जेमतेम तीन टक्के वाढते, आणि गुडघा वर येताना जास्त दुमडतो. तुमच्या गुडघ्यांना तेच नको आहे.

निवांत_पॅडल: मी तर पुढे ३२ ची एकच चकती केली, मागे ११-४२. पुढचा डिरेलर गेला, डोक्याची कटकट गेली. विचार करा.

चेन_तेल_ग्रीस: कटकट गेली हे खरं, पण ३२ भागिले ४२ म्हणजे ०.७६. काकांना २४-३४ मध्ये ०.७१ मिळतंय. पैसे घालून गिअर जड कशाला करायचा? वर त्यांचा हब फ्रीव्हीलचा, म्हणजे कॅसेटसाठी हब, शिफ्टर, डिरेलर, सगळंच. पाच हजार कुठच्या कुठे जातील.

निवांत_पॅडल: ३० ची चकती लावली तर?

चेन_तेल_ग्रीस: ०.७१४. काकांच्या स्वस्तातल्या उपायाच्या बरोबरीला आलात, इतकंच :)

सायकलवाली_मावशी: दादा, गिअर बदलालच, पण दोन फुकटची कामं आधी करा. पुढच्या शॉकला लॉक असेल तर चढावर तो बंद ठेवा, उभं राहिलं की काही जोर तो शॉकच खातो. आणि सीटची उंची तपासा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. बऱ्याच जणांची सीट खाली असते आणि दोष गिअरला जातो. डांबरीवरच फिरत असाल तर पुढेमागे जाड गोट्यांचे टायर काढून गुळगुळीत लावा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. सीट खरंच खाली होती, दोन बोटं वर घेतली. डिरेलरवरचा नंबर शोधला, ३४ चालतात. फ्रीव्हील मागवतोय. जुनं घरी काढता येईल का? आणि चेन जुनीच चालेल?

चेन_तेल_ग्रीस: चेन आधी पट्टीने मोजा. एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या जोडापर्यंत बरोबर १२ इंच भरले पाहिजेत. त्यापेक्षा एक-षोडशांश इंच जास्त भरली तर नवीनच घ्या. तशीही जुनी आखूड पडण्याची शक्यता आहे, ती २८ च्या मापाने कापलेली असणार. नवी कापताना डिरेलरमधून न ओवता पुढे ४२ आणि मागे ३४ वर गुंडाळा, जिथे टोकं जुळतात त्याच्यापुढे दोन जोड जास्त ठेवा. चेन आखूड असताना चुकून पुढे-मागे दोन्हीकडे सगळ्यात मोठ्या चकतीवर पडली तर डिरेलर मोडतो.

फ्रीव्हील काढायला बारा खाचांचा टूल लागतो. चढावर मारलेलं प्रत्येक पॅडल ते आणखी आवळत असतं, त्यामुळे हाताच्या पान्ह्याने बहुधा हलणार नाही. टूल वाइसमध्ये धरा, चाक त्यावर बसवा आणि चाकच स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. वाइस नसेल तर चाक घेऊन कोणत्याही वेल्डिंगवाल्याकडे जा, दोन मिनिटांचं काम आहे. नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका आणि सुरुवातीचे आटे हातानेच घ्या, तिरकं चढलं तर हब गेला.

घाटवेडा: काका, पहिल्यांदा वर जाताना ३४ ची चकती पायथ्यालाच टाकू नका. चढ खडा होईपर्यंत २४ वरच राहा.